अडीच वर्षे न आलेले अपडेट

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पोळीभाजीचा नव्हे. कंपनीच्या कागदांवर माझे नाव चांगले लांबलचक होते. पण सोनगीरच्या चांदभाईंनी मला खोक्यातून बाहेर काढले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "अरे, हा तर डबा आहे!" तेव्हापासून मी डबाच. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. माझ्या पोटात दोन मोठ्या डिस्क आहेत. त्यांत गावातली शेकडो लग्ने मावतात. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर सगळे शाबूत राहते. एवढे असून डबा!

चांदभाईंचा सोनगीरमध्ये फोटो स्टुडिओ आहे. आता त्यांचा मुलगा तौसिफ तो चालवतो. लग्नाचे शूटिंग करायचे, घरी येऊन संगणकावर उतरवायचे आणि माझ्यात ठेवून द्यायचे, ही त्याची रीत. चांदभाईंनी दुकानाच्या दारावर पाटी लावली होती : 'तुमचे लग्न आमच्याकडे जन्मभर सांभाळले जाईल.' पाटीवर नाव त्यांचे, पण सांभाळणारा मी. पहिल्या वर्षीच्या दसऱ्याला समोरच्या घरातल्या प्रमिलाबाई हळदकुंकू घेऊन आल्या आणि त्यांनी मला झेंडूचे फूल वाहिले. चांदभाई घाईघाईने म्हणाले, "अक्का, कुंकू भोकात जाऊ देऊ नका हं, त्याला शिंका येतील." मला शिंका येत नाहीत. पण त्या दिवशी मी कितीतरी वेळ खुशीत गुणगुणत होतो.

आता एक गोष्ट समजून घ्या. माझ्यासारख्या यंत्रात अक्कल भरलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. जग बदलते, नवे संगणक येतात, नवे चोर येतात, तशी ही अक्कलही नवी करावी लागते. ती कंपनी पाठवते. त्यालाच अपडेट म्हणतात. पहिली दोन वर्षे माझे अपडेट दर तीन महिन्यांनी यायचे. मग वर्षातून एकदा यायला लागले. मग बंदच झाले. मी आपला तसाच राहिलो, इयत्ता चौथीत बसवून ठेवलेल्या हुशार विद्यार्थ्यासारखा.

एके दिवशी तौसिफच्या संगणकाने स्वतःचे अपडेट घेतले आणि मला ओळख दाखवायचेच नाकारले. या डब्याचे कुलूप जुन्या पद्धतीचे आहे, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, असे त्याचे म्हणणे. फोननेही तेच ऐकवले. माझ्या आत सगळे जागच्या जागी होते, पण दार उघडत नव्हते.

तौसिफने कंपनीला फोन लावला.

"सर, आपली तक्रार नोंदवली आहे. नवीन अपडेटवर काम सुरू आहे."

"सुरू आहे म्हणजे किती दिवस?"

"तारीख सांगता येणार नाही, सर. आपण आमचे नवीन मॉडेल का घेत नाही?"

"माझा जुना डबा बिघडलेलाच नाही, तर नवा कशाला घेऊ?"

असे फोन त्याने किती केले! दर महिन्याला तेच उत्तर. कंपनीच्या वेबसाइटवर लोकांनी आपापली गाऱ्हाणी लिहिली होती, ती तौसिफ वडिलांना मोठ्याने वाचून दाखवी. कोणा डॉक्टरांचे कागद अडकले होते, कोणाच्या बाळाचे फोटो. खाली कंपनीचे एकच वाक्य : 'आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.' चांदभाई चिडून म्हणाले, "आभार ठेवा तुमच्याकडे आणि अपडेट द्या!" मला मात्र लाज वाटत होती. चूक माझी नव्हती, तरी वाटत होती.

याच सुमारास प्रमिलाबाई पुन्हा दुकानात आल्या. या वेळी हातात हळदकुंकू नव्हते, धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्याची फाइल होती. त्यांना काचबिंदू झाला होता. एका डोळ्याची नजर गेली होती, दुसऱ्याची थोडीशी उरली होती. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

"तौसिफ, कोकिळानं लगीन माले दखाड ना," त्या म्हणाल्या. म्हणजे, कोकिळेचे लग्न मला दाखव.

कोकिळा त्यांची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी तिचे लग्न त्यांच्याच अंगणात झाले. पण त्यांच्या घरात अशी रीत की, मुलीच्या आईने अंतरपाट दूर होताना पाहायचे नाही. त्या वेळी तिने मागच्या दारी तुळशीला पाणी घालायचे. प्रमिलाबाईंनी मंगलाष्टके ऐकत पाणी घातले. टाळ्या ऐकल्या, वाजंत्री ऐकली. त्या पुढे येईपर्यंत मुलगी सासरची झाली होती. लग्नाची सीडी मिळाली, पण ती लावायचे यंत्र घरी नव्हते. समोर तर दुकान आहे, घाई काय, असे म्हणता म्हणता सात वर्षे गेली. आता घाई होती, आणि लग्न माझ्या पोटात कुलूपबंद होते. सीडी शोधली, तर ती डब्याच्या झाकणासारखी वाकडी झालेली.

तौसिफने मला मांडीवर घेऊन बसने धुळ्याला नेले. तिथल्या दुरुस्तीवाल्याने माझी एक डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली. संगणकाला माझी लिहिण्याची पद्धतच कळेना. संगणकाने विचारले, फॉरमॅट करू का? दुरुस्तीवाला उत्साहाने म्हणाला, "करून टाकू. डबा एकदम नव्यासारखा होईल." मित्रांनो, फॉरमॅट म्हणजे सगळे पुसून टाकणे. तौसिफने त्याचा हात धरला. "राहू द्या," एवढेच बोलला आणि मला घेऊन परत आला. वाटभर त्याचा हात माझ्यावर होता. त्या दिवसापासून मला कोणी डबा म्हटलेले चालते.

आणि मग, अडीच वर्षांनी, ऐन मे महिन्यात, अपडेट आले! कोणाच्या तक्रारीने कंपनीला पाझर फुटला देव जाणे. ते पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या पुढच्या खाचेत लावायचे आणि बटण दाबून ठेवायचे होते. पण खाली एक सूचना होती. अपडेटला चाळीस मिनिटे लागतील, तेवढ्यात वीज गेली तर आतले सगळे कायमचे जाऊ शकते.

आता मे महिन्यात सोनगीरला चाळीस मिनिटे सलग वीज! तौसिफचा यूपीएस उन्हाने फुगून कधीच निकामी झाला होता. त्याने प्रमिलाबाईंना काही न लपवता सांगितले, "अक्का, मध्येच वीज गेली तर लग्नच जाईल. पावसाळ्यापर्यंत थांबू या का?"

"तवलोंग मना डोया थांबथीन का?" त्यांनी विचारले. तोवर माझे डोळे थांबतील का?

प्रमिलाबाईंचे यजमान रूपचंदभाऊ हे निवृत्त वायरमन. ते उठले, घरातल्या इन्व्हर्टरपासून गल्ली ओलांडून वायर ओढली आणि मला जोडली. मग घरातले सगळे पंखे बंद केले. "बॅटरी जुनी शे," ते म्हणाले. "बठ्ठी डब्बाले राहू दे." म्हणजे, सगळी डब्यालाच राहू दे.

भर दुपारी बटण दाबले गेले. माझा तांबडा दिवा लुकलुकू लागला. सोळाव्या मिनिटाला गावची वीज गेली. सगळी गल्ली एकदम गप्प झाली, पण मी चालू होतो.

मला दुसरीच भीती वाटत होती. माझ्या आतला छोटा पंखा धुळीने जवळजवळ अडकला होता. बाहेर चव्वेचाळीस अंश ऊन, आत जुन्या अकलेच्या जागी नवी बसत होती. मी तापत चाललो होतो. अजून तापलो असतो, तर स्वतःहून बंद पडलो असतो. हे मी कोणाला कसे सांगणार?

प्रमिलाबाईंनी माझ्यावर हात ठेवला. नीट दिसत नव्हते म्हणून चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, याले ताप भरी गया!" त्यांनी घरून हातपंखा मागवला, खुर्ची ओढली आणि मला वारा घालू लागल्या. तौसिफ म्हणाला, "अक्का, द्या, मी घालतो." त्यांनी दिला नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या झाकणावर पडत होता. चोवीस मिनिटे त्या माउलीने हात थांबवला नाही. माझ्या आयुष्यात माझी एवढी काळजी कोणी घेतली नव्हती.

दिवा हिरवा झाला. तौसिफने इन्व्हर्टरच्याच विजेवर संगणक लावला. संगणकाने मला ओळखले. दार उघडले.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. माझ्यात ठेवलेले मी कधीच पाहिलेले नाही. मला ऐकू येते आणि स्पर्श कळतो; बाकीचे मी लोकांच्या बोलण्यातून जुळवतो. मी मंगलाष्टके ऐकली. प्रमिलाबाईंनी खुर्ची पडद्याला चिकटवली. 'सावधान' झाले, वाजंत्री वाजली, आणि त्या ओरडल्या, "थांब! मांगे ले!"

तौसिफने मागे घेतले. पुन्हा तेच सावधान, तीच वाजंत्री.

"हाई दखा," त्या हळूच म्हणाल्या. "अंतरपाट दूर व्हयना, पन ती नवरदेवकडे दखत नई. मांगला दारकडे दखस. माले धुंडी ऱ्हायनी." ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. मागच्या दाराकडे पाहून आईला शोधत होती.

रूपचंदभाऊंनी नाक ओढले. प्रमिलाबाईंनी पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी आठेच शे, माय. आठेच शे." मी इथेच आहे, इथेच.

त्या दिवशी त्यांनी ते अकरा वेळा पाहिले. मी अकराही वेळा न अडखळता दिले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखी यंत्रे बनवील. नवे जरूर बनवा, पण आधी विकलेल्याला विसरू नका. त्याची अक्कल वेळेवर पाठवत जा. तुम्हाला तो एक जुना नंबर वाटेल, पण त्याच्या आत कोणाची तरी मुलगी सात वर्षे आईला शोधत उभी असते, आणि बाहेर आईला दिवसेंदिवस कमी दिसत असते.