नावं ठेवणारं गिऱ्हाईक

"बाप म्हणजे आभाळ. आभाळाच्या वाटण्या होत नसतात," असं पुंडलिकरावांनी बायकोच्या, देवकाबाईंच्या, वर्षश्राद्धाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. मग आभाळ उठायला गेलं आणि त्याला उठता येईना. शेवटी थोरल्या वीरेंद्रनं डाव्या बगलेत हात घातला, धाकट्या हेमराजनं उजव्या, आणि दोघांनी मिळून आभाळ ओसरीतल्या खाटेवर नेऊन ठेवलं.

न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. बायको गेलेली, सौंसरच्या घरात एकटा माणूस. शेजारच्या हिरामणच्या घरून डबा यायचा आणि हिरामणच हात धरून त्यांना न्हाणीत न्यायचा, पण आता हिरामणचे स्वतःचे गुडघेही कुरकुर करू लागले होते. वीरेंद्र पुण्याला, हेमराज बंगळुरूला. उद्या दोघंही परत जाणार. तेव्हा बाबा कोणाकडे, याचा निकाल आजच लागायचा होता.

पुंडलिकरावांचा जन्म संत्र्याच्या बगिच्यात गेला. इकडे फळ झाडावर असतानाच अख्खा बगिचा विकला जातो, आणि त्याची एक रीत आहे. ज्या व्यापाऱ्याला घ्यायचा नसतो तो धुऱ्यावर, बांधाशी उभा राहून वाहवा करतो, चहा पितो आणि मोहगावच्या रस्त्यानं जातो तो पुन्हा दिसत नाही. ज्याला घ्यायचा असतो तो नावं ठेवतो. फळ बारीक आहे म्हणतो, साल जाड आहे, गळ लागली आहे, आणि हा बगिचा लावायची अक्कल तुम्हाला दिली कोणी, असंही विचारतो. एवढं बोलून झालं की खिशात हात घालून इसाराचे पैसे काढून देतो.

म्हणून थोरली सून उर्वशी जेव्हा म्हणाली की बाबा रात्रभर खोकतात, तेव्हा पुंडलिकरावांना बरं वाटलं. धाकटी चंचल म्हणाली, खोकल्याचं एक वेळ चालून जाईल, पण त्यांना धरून न्यावं लागतं, आणि दिवसातून किती वेळा ते विचारू नका. वीरेंद्रनं त्यांचे कान गेल्याचं काढलं, हेमराजनं त्यांचा स्वभाव काढला. पुंडलिकराव अंग सैल सोडून बसले आणि शेजारी बसलेल्या हिरामणकडे हळूच झुकले.

"पाह्य लेका, दोघंही कसे नावं ठेवून राहिले. आज भाव चढते."

हिरामण जन्मभर दुसऱ्यांचे बगिचे घेत आलेला माणूस. तो सुपारी कातरत राहिला.

मग वीरेंद्रनं मोबाईल काढला. दोन शहरं समोरासमोर ठेवून कुठं जगणं महाग ते सांगणारी एक साईट असते. तिच्यात घरभाडं होतं, दूध होतं, जीन्सची पँट, बियरची बाटली, जिमची फी, सगळं होतं. बाप नावाचा रकाना नव्हता. बराच विचार करून हेमराजनं त्यांना पाळणाघरात धरलं.

वीरेंद्र म्हणाला, पुण्यात सोसायटीवाले लिफ्टचे वेगळे मागतात. हेमराज म्हणाला, लिफ्टचं सोड दादा, आमच्याकडे पाण्याचा टँकर विकत घ्यावा लागतो. दोघंही आपापल्या शहराची अशी बदनामी करत होते, की ऐकणाऱ्याला वाटावं ही पोरं तिथं शिक्षा भोगून राहिली आहेत. मागच्या दिवाळीत हीच पोरं त्याच शहरांचे फोटो दाखवून सगळ्यांचा चहा थंड करत होती.

पुंडलिकराव इसाराची वाट पाहत होते. कोणाचाच हात खिशाकडे जाईना. पुणं महाग, म्हणून बाबा बंगळुरूला. बंगळुरू महाग, म्हणून बाबा पुण्याला. हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, कारण नावं ठेवतो तोच घेतो, हेच त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांनी हिरामणकडे पाहिलं. हिरामणनं अडकित्ता मिटला होता. तिकडे पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या जत्रेत नदीच्या दोन्ही काठांवरून गोटे बरसतात, डोकी फुटतात. पण मधल्या झाडावरचा झेंडा निदान दोन्ही काठांना हवा असतो.

माल उतरलेला, सांज झालेली, गिऱ्हाईक पाठ फिरवून राहिलेलं. अशा वेळी शेतकरी करतो तेच पुंडलिकरावांनी केलं. भाव उतरवला. आधी दूध सोडलं. वीरेंद्रनं तेवढं वजा केलं. मग चहा सोडला, मग पेपर. बियर आणि जीन्स आपल्याला तसंही लागत नाहीत, हेही त्यांनी लक्षात आणून दिलं. हेमराजनं तेही वजा केलं. इतकं करून दोन्ही शहरं बरोबरीत सुटली.

तेव्हा चंचलनं आपल्या फोनवर तिसरं शहर काढलं. नागपूर. तिथं म्हाताऱ्या माणसांसाठी एका संस्थेचं घर होतं. औषधपाणी धरून या दोन्ही शहरांच्या निम्म्यात, आणि सौंसरहून थेट बस. थेट बस आहे हे तिनं दोनदा सांगितलं; त्या बसमध्ये बसून भेटायला कोण जाणार, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांचे चेहरे उजळले. आईच्या माघारी दोन्ही भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं. उर्वशीनं तर सासूबाईंच्या हार घातलेल्या फोटोला हातही जोडले.

हिरामण उठला. रोज याच वेळी तो पुंडलिकरावांना न्हाणीत न्यायचा. आज घरात दोन पोरं आहेत, असं मनाशी म्हणून त्यानं पायात चपला सरकवल्या, पुंडलिकरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फाटकाबाहेर पडला.

"बाबा, मग नागपूर पक्कं करून टाकू?" वीरेंद्र म्हणाला. "तुमच्या मनात काय आहे ते सांगा. नंतर म्हणाल, विचारलं नाही."

हेमराजनं मान खाली घातली. सुनांनी पदर सावरले. बाप आता काहीतरी मोठं बोलणार, निदान आईचं नाव तरी काढणार, अशी सगळ्यांनी तयारी ठेवली. पुंडलिकरावांनी घसा साफ केला.

"ते होईन," ते म्हणाले. "पहिले मले लघवीले नेऊन द्या. दोघांपैकी कोनीबी चालन."