हॅम्रिक विरुद्ध हॅम्रिक

"घटस्फोटाचा दावा कोणी लावला होता? तुम्ही की त्यांनी?" काउंटरपलीकडच्या बाईनं विचारलं.

इमोजीननं पर्सचा पट्टा घट्ट धरला. "तेच मला माहीत नाही."

"बरं. निकाल कुठल्या साली लागला?"

"तेही नाही. लागला की नाही, हेच बघायला आलेय."

बाईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. गळ्यातल्या ओळखपत्रावर आर्डिथ स्किडमोर असं नाव होतं. वय साठीच्या आसपास, अंगात स्वेटर. कोर्टाच्या त्या दगडी इमारतीत मे महिन्यातही गारठा होता.

"कुठून आलात?"

"ॲक्रनहून. तीन तास लागले."

"तीन तास गाडी हाकून आलात, मग बघूच की आपण," आर्डिथ म्हणाली. "बसा तिथं. संगणकात नव्वदच्या पुढचंच आहे. तुमचं काम जुन्या पुस्तकांतलं."

इमोजीन बसली नाही. बसलं तर उठून बाहेर चालायला लागू, अशी तिला भीती वाटत होती.

ती त्र्याहत्तर वर्षांची होती. त्यातली एकोणतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे मुलांचं जेवण रांधण्यात घालवली होती. दोन मुली, चार नातवंडं, आणि बावन्न वर्षांचा संसार. नवरा लॉवेल टायरच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता. गेल्या दोन वर्षांत त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं साचलं होतं; कडेचं थोडं दिसे, समोरचं नाही. त्यामुळे घरात गाडी चालवणारी ती एकटीच. डॉक्टर, दुकान, रविवारचं चर्च, सगळं तिच्यावर.

आणि तिचा गाडीचा परवाना शुक्रवारी संपत होता. परवाना कार्यालयातल्या खिडकीवरच्या मुलीनं नव्या नियमाप्रमाणे कागद चाळून सांगितलं होतं, "जन्माच्या दाखल्यावर कास्टो, लग्नाच्या दाखल्यावर हॅम्रिक, आता प्रेगर. मधला दुवा नाही, आजी. पहिल्या लग्नाचा दाखला आणि घटस्फोटाचा हुकूमनामा आणा." दाखला जुन्या पेटीत होता; हुकूमनामा नव्हता.

लॉवेलला तिनं सांगितलं नाही. "ट्रेवाकडे जाऊन येते," एवढंच म्हणाली. ट्रेवा तिची चुलत बहीण. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. "तिला म्हणावं, नाचायला लाग आता," लॉवेल म्हणाला होता आणि रेडिओ लावून बसला होता.

अठराव्या वर्षी तिनं डॉर्सी हॅम्रिकशी लग्न केलं होतं. खाणीत पंप दुरुस्त करणारा देखणा माणूस. प्यायला की मात्र हात उगारायचा. एका सकाळी तो कामावर गेल्यावर ती बस पकडून ॲक्रनला मावशीकडे आली, ती परत गेलीच नाही. दीड वर्षानं लॉवेल भेटला. त्यानं मागणी घातली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. आईच्या एका पत्रात, डॉर्सी कोर्टात जायचं म्हणतो, असं एक वाक्य होतं. तेवढ्या वाक्याच्या जोरावर तिनं लॉवेलला सांगितलं, "ते सगळं कागदोपत्री मिटलंय."

कागद तिनं कधी पाहिलाच नव्हता. मुलींच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, घराच्या कागदांवर सही करताना, दारात एखादा जाड लिफाफा पडला की, दर वेळी तिला तो न पाहिलेला कागद आठवायचा. कोर्टाला पत्र टाकलं असतं तर उत्तर आलं असतं. पण ते नको ते उत्तर असलं तर?

आर्डिथनं हातगाडीवरून दोन पुस्तकं आणली. एकेक पुस्तक ओव्हनमधल्या मोठ्या ट्रेएवढं. "हे वादींच्या नावांचं, हे प्रतिवादींच्या. दावा ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लावला तिथंच सापडतो. लग्न कुठं झालं त्याचा संबंध नाही. तो इथंच राहायचा ना?"

"शेवटपर्यंत, असं ऐकलं."

"मग इथंच असणार." आर्डिथचं बोट रकान्यातून सरसर खाली गेलं. सत्तर साल. एकाहत्तर. बाहत्तर. त्र्याहत्तर. तिनं दुसरं पुस्तक ओढलं. पुन्हा तेच. "हॅम्रिक बरेच आहेत. डॉर्सी नाही. इमोजीनही नाही."

इमोजीननं पर्स खांद्याला लावली. "म्हणजे झालाच नाही."

"थांबा हो, लगेच कुठं निघालात? या पुस्तकात माझ्या आजोबांचं नाव तीन प्रकारे लिहिलंय. लिहिणारा ऐकेल तसं लिहायचा." आर्डिथनं पानं मागे उलटली आणि ओठांत पुटपुटत निघाली. "हॅमन्ड... हॅमिल्टन... हॅम्ब्रिक. हे बघा. डी. हॅम्ब्रिक विरुद्ध आय. हॅम्ब्रिक. एक 'बी' जास्तीचा घुसलाय. दाखल, चौदा मार्च एकोणीसशे बाहत्तर."

"आणि निकाल?"

आर्डिथनं त्या ओळीच्या टोकापर्यंत बोट नेलं. मग पुस्तक तिच्याकडे वळवलं. शेवटचा रकाना कोरा होता.

"याचा अर्थ काय?"

"दोन अर्थ होतात. एक तर लिहायचं राहिलं, नाहीतर त्यानं दावा लावला आणि पुढं आलाच नाही. पुष्कळ लोक तसं करतात." आर्डिथनं आवाज खाली आणला. "मूळ फाइल तळघरात होती. पुरात ती सगळी रांग गेली. पण न्यायाधीशांचा प्रत्येक हुकूम वेगळ्या पुस्तकात उतरवून ठेवतात, आणि ती पुस्तकं वरच्या मजल्यावर असतात. निकाल लागला असेल तर त्यात असणारच. फक्त पान माहीत नाही. पानं उलटावी लागतील."

"मी उलटू का? चालेल?"

"न चालायला काय झालं? पुस्तकं लोकांचीच आहेत, बाई. मी फक्त धूळ झटकते."

खिडकीशी लांब टेबल होतं. आर्डिथ त्या सालचं हुकमांचं पुस्तक त्यावर ठेवून कामाला गेली आणि इमोजीन मार्चच्या पहिल्या पानापासून बसली. कुणाची कुंपणावरून भांडणं, कुणाचं दत्तकविधान, कुणी वेड्यांच्या इस्पितळात, कुणाचं नाव बदललं. मार्च संपला. एप्रिल संपला. मे महिन्यातल्या पानांवर तिचा वेग मंदावला. सतरा जून ही तिच्या आणि लॉवेलच्या लग्नाची तारीख. त्या तारखेच्या पुढं जावं लागलं तर काय, हा विचार ती एकेका पानानं पुढं ढकलत होती.

पान तीनशे अठरा. तिनं आधी नाव वाचलं, इथं जास्तीचा 'बी' नव्हता, मग तारीख, मग पुन्हा नाव.

"बाई," तिनं हाक मारली. "अहो बाई, जरा इकडं या. मला जे दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का सांगा."

आर्डिथनं वाकून मोठ्यानं वाचलं. "सहा जून एकोणीसशे बाहत्तर. वादी जातीनं हजर. उभयतांचे विवाहबंधन या हुकमाने संपुष्टात आले असून..."

"सहा," इमोजीन म्हणाली. "सहा जून."

"सहाच. का हो?"

"माझं लग्न सतराला होतं." आणि ती खुर्चीत बसून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. आर्डिथनं टिश्यूचा डबा पुढं केला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. कोपऱ्यात बसलेल्या टायपिस्टनं मान वर करून पाहिलं, मग सभ्यपणे खाली घातली.

"मी नवऱ्याला खोटं सांगितलं होतं," इमोजीन नाक पुसत म्हणाली. "आणि ते खरंच निघालं की हो."

नक्कल तयार होईपर्यंत तिनं हुकूम सावकाश, पुन्हा वाचला. एका ओळीवर ती अडली. 'प्रतिवादीचा ठावठिकाणा माहीत नसल्याचे वादीने शपथेवर सांगितल्यावरून, नोटीस वर्तमानपत्रात चार आठवडे छापण्यात आली.'

"पत्ता माहीत असता तर काय केलं असतं?" तिनं विचारलं.

"शेरीफचा, म्हणजे पोलिसांचा माणूस समन्स घेऊन दारात आला असता. गणवेशात."

इमोजीन पुन्हा त्या ओळीकडे वळली. डॉर्सीला पत्ता माहीत होता. ती पळून आली त्या पहिल्या हिवाळ्यात मावशीच्या पत्त्यावर एक पार्सल आलं होतं. आत तिचा जाड लोकरी कोट, चिठ्ठी नाही. पार्सलवरच्या पत्त्याचं अक्षर डॉर्सीचं होतं. म्हणजे त्यानं कोर्टात शपथ घेऊन खोटं सांगितलं. तिच्या दारात, नव्या माणसासमोर, गणवेशातला कुणी येऊन उभा राहू नये म्हणून? की पुन्हा गाठ नकोच म्हणून? विचारायला तो आता नव्हता. सत्त्याऐंशी साली वारला, एवढं तिच्या कानावर आलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा लॉवेल मागच्या पायऱ्यांवर सावलीत बसला होता.

"ट्रेवा नाचली का?"

"मी ट्रेवाकडे गेले नव्हते."

तिनं ठरवलं असतं तर कागद खणात टाकता आला असता. लॉवेलला तो कधी वाचता आला नसता. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिनं हुकूमनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून दाखवला. मग आईच्या पत्रातलं ते एक वाक्य सांगितलं, आणि त्यावर तिनं काय रचलं होतं तेही.

लॉवेलनं कुंपणाकडे तोंड करून बोटांवर दिवस मोजले.

"सहा जून," तो म्हणाला. "म्हणजे अकरा दिवस."

"अकरा."

"हुकले असते तर काय केलं असतं गं?"

"तुला परत विचारलं असतं. करतोस का म्हणून."

"तेव्हाचा सूट कुठला बसतोय मला आता." तो हसला नाही. तिचा हात चाचपडत शोधला आणि धरला. "बावन्न वर्षं एकटीच कुढत बसलीस. सांगायचं नाही का, जीन? मी काय गेलो असतो?"

"तेव्हा वाटायचं, जाशील."

"आणि नंतर?"

"नंतर इतकी वर्षं झाली होती की सांगायची लाज वाटायची."

त्यानं मान डोलावली. मग कोटाची आणि खोट्या शपथेची गोष्ट ऐकून म्हणाला, "चांगला होता म्हणायचा तो."

"नव्हता," इमोजीन म्हणाली. "पण त्या दिवशी होता."

दुसऱ्या दिवशी दोघंही परवान्याच्या कार्यालयात गेली. लॉवेल बाकावर बसला. खिडकीवर तीच मुलगी होती. तिनं कागद एकावर एक रचले, शिक्के तपासले आणि पडद्यावरचा प्रश्न वाचला. "पूर्वी वापरलेली नावं?"

"इमोजीन कास्टो," ती म्हणाली. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात. "मग इमोजीन हॅम्रिक. दोन वर्षं नऊ महिने. आणि तेव्हापासून प्रेगर."

"कॅमेऱ्याकडे बघा, आजी. तोंड मिटून. हसायचं नाही."

पहिला फोटो हसण्यात वाया गेला. दुसराही. तिसऱ्या वेळी मुलीनं खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाली, "काही घाई नाही. तुमचं झालं की सांगा."