वाणाचं फडकं

तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि आमच्या राणीसावरगावात घरटी एकाच्या तरी पायात नारू, पाण्यातून शिरणारा दोऱ्यासारखा जंत. बारवेचं पाणी फडक्यातून गाळून प्या, असं सरकारी डॉक्टर तीन वर्षं घसा फोडून सांगत होता. बाया माना डोलवायच्या आणि तसंच पाणी भरायच्या. त्यांचा मला राग यायचा, पण एकटीनं घागरीला फडकं बांधून जायची लाज मलाही वाटायचीच.

त्या संक्रांतीला माझ्या सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, मांजरपाटाचे तुकडे करून तेच वाण दिलं. वाण कोण नाकारणार? शिवाय प्रत्येकीच्या कानात त्या सांगायच्या, "समद्याजणी घागरीला फडकं बांधायल्यात. तूच ऱ्हायलीस."

दुसऱ्या दिवशी बारवेवर एकही उघडी घागर नव्हती.

"आत्याबाई, काल तर कोणीच बांधत नव्हतं," मी सासूबाईंना म्हणाले.

"काल खोटं बोलले. आज खरं झालं की."

आता घरात नळ आहे. त्याच्या तोंडाला मी अजून फडकं बांधते आणि सून हसते. हसू दे. नारू म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नाही. आत्याबाईंचं वाण तिच्यापर्यंत पोचलं ते असं.