वरची लिपी

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी एवढी माणसं जमायची की जिन्यात पाय ठेवायला जागा नसायची. आत उकाडा, घाम, पोरांची रडारड. समोर भिंतीवर पांढरा पडदा, पडद्याखाली लॅपटॉप, आणि लॅपटॉपमागे गादीच्या खुर्चीत अक्षरबाबा.

बाबांनी बोट हलवलं की पडद्यावर एक पान यायचं. पान कसलं, नुसता गोंधळ. टोपी घातलेले इंग्रजी ए, शेपटी फुटलेले सी, उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच एखादा पावाचा नाहीतर अर्ध्याचा अपूर्णांक. एक शब्द लागेल तर शपथ.

"ही वरची लिपी आहे, बाळांनो," बाबा सांगायचे. "माणूस जातो तेव्हा देह इथे टाकतो आणि बाराखडीही इथेच टाकतो. वर काना नाही, मात्रा नाही. वर नुसतं कंपन. ते या यंत्रात उतरतं. पण वाचायला डोळा वेगळा लागतो."

तो डोळा अर्थातच त्यांच्याकडेच होता.

ही पानं यायची कुठून? लोकांच्याच घरातून. गेलेल्या माणसाची जुनी फाइल नव्या मशीनवर उघडावी, तर आत हे. जिवंत माणसांच्या जुन्या फायलीही तशाच उघडायच्या, पण त्या बघायला कुणाला सवड होती?

"पोस्टमनदादा, उभे राहा," बाबा म्हणाले. "तुमची बायको म्हणतेय, रात्री दाराची कडी लावायला विसरता."

आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटलेला म्हातारा उभ्या उभ्या रडायला लागला. "विसरतो हो," म्हणाला. आता एकटा राहणारा म्हातारा कडी विसरणार नाही तर काय करणार? पण सगळा हॉल गलबलला.

मागे दाराशी एक बाई ऑफिसची बॅग खांद्याला अडकवून उभी होती. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंची ही थोरली लेक. दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची नोकरी करायची. आदल्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता: "तुझी आई कित्येक महिने इन्सुलिन न्यायलाच आली नाही. दुसरा डॉक्टर धरलाय का?" थोरली पहाटेच्या बसने निघाली. घराला कुलूप. शेजारणीने हॉलचा पत्ता दिला.

तेवढ्यात पडद्यावर नवं पान आलं आणि बाबांनी आवाज बारीक केला. "माई, तुमची धाकटी आली. विचारतेय, अजून टोचून घेतेस का गं आई?"

"नाही गं बाळा," आई पडद्याकडे तोंड करून म्हणाली. "कधीच बंद केलं."

"बरं केलंस, म्हणतेय. तू सुई टोचलीस की इथे मला लागतं."

इन्सुलिन का बंद झालं ते थोरलीला दाराशीच कळलं.

धाकटी मागच्या वर्षी तापाने गेली होती. प्रेसमध्ये टायपिंग करायची, घरीही कामं आणायची. आणि पडद्यावरची ही वरची लिपी थोरलीने हजारदा बघितली होती, तीही ऑफिसात. तिचा प्रोग्राम औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापायचा. नव्या मशीनवर कुणी फॉन्ट टाकायला विसरलं की लेबलावर हेच टोपीवाले ए यायचे. मग थोरली त्या माणसाची अशी हजेरी घ्यायची की तो जन्मात पुन्हा विसरायचा नाही.

तिला सगळं आठवलं. धाकटी गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मोडकळीला आला होता. थोरलीनेच नवा आणला, फायली उचलून त्यात टाकल्या आणि जुना भंगारात दिला. फायली आल्या, फॉन्ट राहिले. रडून डोळे सुजलेले असताना कुणाला आठवतं असलं काही? पुढचं शेजारणीने सकाळीच सांगितलं होतं: आईने एक दिवस फाइल उघडली, आत हा गोंधळ दिसला, आणि कुणीतरी तिला बाबांकडे नेलं. हॉलमध्ये आलेलं पहिलं पान धाकटीचं होतं. बाबांचं सगळं दुकान थोरलीच्या एका विसरण्यावर उभं होतं.

घरी आल्यावर तिने आईला सांगून बघितलं.

"आई, ते वरचं-बिरचं काही नाही. फॉन्ट राहिलाय, माझ्याच हातून."

"तुला मशीन दिसतं. मला माझी पोर दिसते."

"आणि ती सुई?"

"तिला लागतं गं." आईचा आवाज एकदम खाली गेला. "दवाखान्यात हातांची चाळण केली होती तिच्या. शेवटी शेवटी नुसती सुई बघून तोंड फिरवायची. आता गेली तिथेही मीच टोचू?"

आई उठून धाकटीच्या कॉम्प्युटरवर हात ठेवून उभी राहिली. "याला घरात हात लावायचा नाही. काय दाखवायचं ते बाबांसमोर दाखव."

"दाखवते."

दुसऱ्या दिवशी ती धाकटीच्या प्रेसवाल्या काकांकडे गेली. काकांनी एक खण उपसला. सुकलेले शिक्के, तुटका स्टेपलर, आणि तळाशी एक ओरखडलेली सीडी.

"हाच फॉन्ट. धाकटीच काय, सगळं गाव यातच टाइप करायचं. आता कोण वापरतं?"

"काका, हॉलमध्ये लोक ज्याच्यासाठी रडतायत ना, ते हेच आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग बोलला का नाहीत?"

काका सीडी शर्टाला पुसत बसले. "माझ्या बहिणीचं पान वाचलं गं त्याने. मला म्हणाली, दादा, तब्येत सांभाळ." सीडी तिच्या हातात ठेवून म्हणाले, "खोटं होतं. पण बरं वाटलं."

थोरलीने आपल्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. फॉन्टच्या बाबतीत कॉम्प्युटर मोठा लबाड. त्याला सगळं सांगावं लागतं: ही फॉन्टची फाइल घे, मशीनवरच्या बाकीच्या फॉन्टांत तिची नोंद कर, आणि या मजकुराला हाच फॉन्ट लाव, दुसरा नको. यातलं एक जरी राहिलं तरी तो तक्रार करत नाही. गुपचूप भलताच फॉन्ट उचलतो आणि साळसूदासारखा पुढे चालू. पहिल्यांदा तिला नुसते रिकामे चौकोन दिसले, मग अर्धी मराठी आणि अर्धे टोपीवाले. फाइलवर फॉन्टचं नाव एक आणि फाइलच्या आत दुसरंच निघालं. शेवटी जमलं. बटण दाबलं की मराठी, परत दाबलं की वरची लिपी. धाकटीच्या फायलींना तिने बोट लावलं नाही. आईला शब्द दिला होता.

रविवारी तिने बाबांच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. "बाबा, आमच्या आजीचंही एक पान सापडलं."

बाबा खूश. "शिकलेली माणसं उशिरा येतात, पण येतात." पान पडद्यावर आलं. बाबांनी चष्मा काढला, डोळे मिटले, मान डोलावली. "आजी म्हणतेय, घसा कोरडा पडलाय. शेवटी पाणी कुणी दिलं नाही. पण थोरलीवर राग नाही हो माझा. आणि हे बघा, शेपटीचा सी दोनदा आलाय. म्हणजे दोनदा हाक मारली तिने."

"नक्की ना बाबा? हवं तर पुन्हा बघा."

"वरचं वाचन चुकत नसतं, मुली."

थोरलीने प्रोजेक्टरची वायर काढून आपल्या लॅपटॉपला लावली. तेच पान, तेच टोपीवाले ए. तिने बटण दाबलं. पडद्यावर ठळक मराठीत आलं: "कपडे धुण्याचे यंत्र वापरताना. रंगीत कपडे वेगळे धुवावेत. खिसे आधी तपासावेत."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंडावर हात ठेवला.

"यंत्राने आत्म्याला घाबरवलं," बाबा म्हणाले.

"म्हणजे आजी घाबरून कपडे धुवायला लागली?" टायरवाल्याने दारातून विचारलं.

"हे मीच टाइप केलंय," थोरली म्हणाली. "काकांच्या प्रेसमधल्या फॉन्टात. फाइलमध्ये अक्षरं नसतात हो, आकडे असतात. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर काढायचं, ते फॉन्ट ठरवतो. आपल्या जुन्या फॉन्टात ज्या आकड्यावर क बसवलाय, त्याच आकड्यावर नव्या मशीनच्या फॉन्टात टोपीवाला ए आहे. आपला फॉन्ट नसला की मशीन त्याच्याकडचा लावतं. बस, एवढंच आहे हे." तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मराठी, गोंधळ. गोंधळ, मराठी.

पोस्टमनदादा काठी टेकत पुढे आले. "पोरी, माझं पान लाव."

तिने बाबांच्या लॅपटॉपमधली सगळी पानं पेन ड्राइव्हवर घेतली आणि त्यांचं लावलं. त्यांची बायको शिवणकाम शिकवायची. पडद्यावर आलं: "शिवणवर्गाची नवीन तुकडी. कात्री व टेप घरून आणावी."

"कडीचं कुठे आहे?"

"कुठेच नाही, दादा."

म्हातारा पडद्याकडे बघत राहिला. "मग माझी काळजी कुणी केली ती?"

सगळ्यांनी बाबांकडे वळून बघितलं. त्यांची खुर्ची तोवर रिकामी झाली होती. मागच्या जिन्यावर चपलांचा आवाज झाला, तेवढाच.

"आता धाकटीचं लाव," आई म्हणाली.

थोरलीने फाइल उघडली. बटण दाबलं आणि धाकटीने टाइप केलेलं पान स्वच्छ मराठीत समोर उभं राहिलं. "आलं, आलं," बायका पुटपुटल्या.

"आलं का?" आईने विचारलं.

"आलं की. समोरच आहे, बघ ना."

"कुठे? मला नुसता पांढरा उजेड दिसतोय."

थोरली आईजवळ गेली. आई पडद्याकडे बघतच नव्हती, पडद्याच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होती.

"आई, कधीपासून?"

"झाले असतील बरेच दिवस. बाबा वाचत होते ना. मग मला दिसायची गरजच काय होती?"

जिना उतरताना एका बाईने थोरलीचा दंड धरला. "तुला काय मिळालं गं हे करून? आमचं होतं तेवढंही नेलंस." थोरली आईला पायऱ्या सांगत सांगत उतरवत राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. साखर वाढून वाढून डोळ्यांत आत रक्त उतरलं होतं. एका डोळ्याने थोडंफार दिसेल कदाचित, म्हणाले. सुया चालू असत्या तर, एवढं बोलून थांबले आणि चिठ्ठी लिहायला लागले.

घरी दुपारी आई धाकटीच्या कॉम्प्युटरसमोर बसली. थोरलीने त्यावर फॉन्ट टाकला होता.

"आता वाच. पहिल्यापासून."

थोरली वाचायला लागली. जाहीर सूचना, पाण्याची टाकी धुवायची असल्याने नळ बंद राहतील. दोन खोल्या भाड्याने देणे आहेत. गणिताचा क्लास, जागा मर्यादित. एकामागून एक फाइल उघडली, सगळी लोकांची कामं.

"माझ्यासाठी काही?"

फायली संपत आल्या होत्या. एक ओळ पुरली असती. 'आई, जेवलीस का?' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आईला दिसत नव्हतं, तपासायला कोण येणार होतं? अक्षरबाबा होणं किती सोपं असतं, ते थोरलीला त्या दुपारी कळलं. ओळ ओठापर्यंत आली होती.

"नाही, आई. कामाचंच आहे सगळं."

आईने कॉम्प्युटरवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे तिला लागतही नव्हतं."

"नाही."

"आणि ती बोलतही नव्हती."

"नाही गं."

आईने पदराने डोळे पुसले. दिसत नसलेल्या डोळ्यांनाही पाणी तेवढंच येतं. "टायपिंगची चूक आहे का कुठे?"

थोरलीने पुन्हा नीट बघितलं. "एकही नाही."

"व्यवस्थित होती पोर," आई म्हणाली आणि दंडावरची बाही वर केली. "सुई आण. आणि मग राहिलेलं वाच. टाकीचं असू दे नाहीतर क्लासचं."

मंडळी, फॉन्टचं गणित डोक्यात नाही शिरलं तरी चालेल. कुणी म्हणालं, मला ते दिसतं जे तुम्हाला दिसत नाही, तर त्याच्या हातात असं पान द्या ज्यात काय आहे ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि वाच म्हणा. चालू औषध बंद कर म्हणाला, तर तिथून उठा आणि सरळ डॉक्टरकडे जा, भले सांगणारा मेलेल्या लेकराच्या तोंडून बोलत असो. गेलेलं माणूस बोलत नाही. हे ऐकायला फार वाईट आहे, पण खरं आहे. म्हणून आपल्या घरात कुणी रडत असेल तर त्याच्याजवळ आपण बसावं. आपण बसलो नाही तर ती जागा भरायला बाबा टपलेले असतातच.