सात डाव्या गोगलगाई

अप्पांकडून कौतुक काढणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या या गृहस्थांना पंच्याण्णव गुण दाखवले, की ते उरलेल्या पाचांची चौकशी करत. धाकट्या मुलीने तर एचिंगसारखा, त्यांच्या मते रिकामटेकडा, उद्योग पत्करला होता. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा, रेघांत शाई भरून ओल्या कागदावर ठसा घ्यायचा. एवढा खटाटोप करून उमटणार काय, तर वाळकं पान! "फोटो का नाही काढत?" असं अप्पांनी विचारलंही होतं.

यंदाच्या प्रदर्शनासाठी धाकटीने हट्टाने त्यांचाच विषय घेतला. त्यांच्या कपाटातले गोगलगाईंचे सात शंख मागून आणले आणि आठ महिने त्या शंखांपुढे मान मोडून बसली. प्रदर्शन लोकांसाठी आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे तिला एकाच माणसाची शाबासकी हवी होती.

उद्घाटनाच्या सकाळी अप्पा भिंग घेऊनच आले. सातही चित्रांपुढून दोनदा फिरले. तिचा जीव टांगणीला.

"हे शंख माझेच ना?"

"हो, तुमचेच."

"माझे उजव्या वळणाचे आहेत. तुझे सगळे डावे."

ठसा उलटा उमटतो, हे या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. कोपऱ्यातली सही ती न चुकता उलटी कोरायची. गोगलगाय मात्र दिसली तशी कोरून मोकळी झाली होती. सातच्या सात वेळा.

"अशी गोगलगाय लाखात एखादी सापडते," अप्पा म्हणाले. "तू घाऊक काढल्यास."

"उतरवू का सगळी?" तिचा आवाज रडवेला झाला.

शंखांचा डबा काखोटीला मारून अप्पा घरी गेले.

संध्याकाळी लोक जमले. ती तोंड लपवून खांबाआड उभी, अप्पा चित्रांपुढे ठाण मांडून, येईल त्याला सांगताहेत, "सातही चुकलेत हं! वळण उलटं आहे." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दंडाला धरून त्यांना बाजूला न्यावं म्हणून ती पुढे झाली, तर ते एका बाईंच्या हातात भिंग देत होते.

"वळण सोडा हो. या वाढीच्या रेघा मोजा. त्रेचाळीस! शंखावरही त्रेचाळीसच, दुपारी मोजल्यात मी. पस्तीस वर्षं फळ्यावर गोगलगाय काढली, तर पोरं विचारायची, 'सर, हा कान कुणाचा?' मला सुलटीसुद्धा कधी जमली नाही. आणि हिनं बघा."

धाकटी तिथेच, चारचौघांत, ढसाढसा रडायला लागली.

"आता काय झालं?" अप्पा वैतागले. "नुसतं वळणच तर चुकलंय!"