बावीस मजल्यांखाली

बँकेच्या मुख्य कचेरीचा बावीस मजली टॉवर विकला गेला आणि वरच्या साहेबांना एकाएकी त्याचा इतिहास आठवला. इमारत हातातून जाण्याआधी तिच्यावर एक देखणं पुस्तक काढायचं ठरलं. काम आलं ग्रंथपाल बाईंच्या गळ्यात. पायाभरणीचे फोटो, चौदाव्या मजल्यावरची आग, पहिला कॉम्प्युटर क्रेनने वर चढवला तो दिवस, असं बरंच काही त्यांनी जमवलं आणि मग एकेका जुन्या माणसाला बोलावून घ्यायला लागल्या.

असेच एका गुरुवारी सकाळी जिनेकाका आले.

काका सुतार. टॉवर उभा राहत होता तेव्हा ते शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, फळ्या ठोकायच्या कामावर होते. पुढे बँकेनेच त्यांना कायम ठेवून घेतलं. तीस वर्षं त्यांनी बँकेची दारं, कुलपं आणि टेबलांचे खण दुरुस्त केले, पण लिफ्टमध्ये एकदाही पाय ठेवला नाही. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बाविसाव्या मजल्यापर्यंत पायी. म्हणून जिनेकाका. 'काका, लिफ्टशी कट्टी आहे का?' असं कुणी विचारलं की हसून वेळ मारून न्यायचे.

बाईंनी चहा पुढे केला. "बरं झालं वेळेवर आलात. नवा मालक वरचं सगळं पाडणार आहे. पाया मात्र भक्कम आहे म्हणून तोच ठेवणार. सोमवारपासून तळघर काँक्रीटने भरून टाकतायत."

काकांनी कप खाली ठेवला. "पाया ठेवणार? फोडणार नाहीत?"

"नाही. का हो?"

"मग तो कधीच निघायचा नाही."

"कोण?"

"माझा धाकटा भाऊ, बाई. लिफ्टच्या खड्ड्यात आहे तो."

अडतीस वर्षांत काका हे कुणाशी बोलले नव्हते. आता थांबवता येईना. पायाचं काँक्रीट ओतणं चाललं होतं, भर दुपारी. लिफ्टचा खड्डा सगळ्यांत खोल. भाऊ खाली सळ्यांच्या जाळीत उतरला होता, अडकलेली फळी सोडवायला. खड्ड्याची एक बाजू ढासळली, वरचं ओलं काँक्रीट सगळंच्या सगळं आत गेलं. काका धावले, तर चौघांनी त्यांना कमरेला धरून ठेवलं. काम थांबवलं तर पायात सांधा राहून तो कच्चा होईल, असं ठेकेदार ओरडत होता. मिक्सर थांबले नाहीत. संध्याकाळपर्यंत वर सपाट जमीन झाली होती.

"आणि तुम्ही गप्प बसलात?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"ठेकेदार म्हणाला, बोभाटा झाला तर काम बंद पडेल आणि तुलाही आत टाकतील, भावाला खाली तूच पाठवलंस म्हणून. पाठवलं मीच होतं, बाई. कागद पुढे आला, मी सही केली. घरी जाऊन भावजयीला सांगितलं, तो पळून गेला. तिच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती." काकांनी पंच्याने तोंड पुसलं. "कधीतरी ही इमारत पाडतील आणि तो बाहेर निघेल, एवढ्या आशेवर जगलो हो मी."

बाई उठल्या आणि जुन्या कपाटातून पायाच्या कामाची फाईल काढून आणली. त्या तारखेच्या हजेरीपटावर भावाच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलेलं होतं. मागे कागद जोडलेला: 'माझा भाऊ आज कामावर आला नव्हता.' खाली काकांची सही, वळणदार, तरुणपणीची.

त्या दिवशी दोघांनी जिथे जिथे दार होतं तिथे तिथे ते ठोठावलं. नव्या मालकाचा इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. त्याने नकाशा पसरून दाखवला. "काका, तिथे बारा फूट जाड काँक्रीट आहे. तेवढं फोडायचं म्हणजे पायाच गेला. माझ्या हातात नाही हे." साहेब म्हणाले, "बाई, हे गौरवाचं पुस्तक आहे. भलतंसलतं नको." शेवटी पोलीस चौकी. अंमलदाराने फाईल दोनदा वाचली.

"माणूस आत आहे म्हणता. पुरावा?"

"मी डोळ्यांनी पाहिलं, साहेब."

"आणि ही सही कुणाची?"

"माझीच."

"मग मी कुणाचं खरं मानू? तेव्हाच्या तुमचं की आताच्या?"

काका बाहेर आले. कठड्याला धरून ते चौकीच्या दारातच खाली बसले. स्वतःच्या हाताने आपण भावाला दुसऱ्यांदा गाडलंय, हे त्यांना तिथे कळलं.

शुक्रवारी ते भावजयीकडे गेले. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरींच्या वाफेत उभी राहून हात कायमचे लाल झालेले. नवऱ्याने टाकलेली म्हणून तिने माहेरचे टोमणे ऐकले, मुलीचं लग्न दोनदा मोडताना पाहिलं. घरात नवऱ्याचा एकच फोटो होता, तोही तिने रागाच्या भरात चुलीत घातला होता. काका सांगत होते आणि ती हातातल्या चादरीची घडी घालत होती. एकच चादर, पुन्हा पुन्हा.

"मला तिथे घेऊन चला," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी बाईंनी पहारेकऱ्याला गळ घालून तळघर उघडून घेतलं. खाली ओल होती, लिफ्टचे दोर तोडून नेलेले. काकांनी जागा दाखवली. भावजय तिथे जमिनीवर बसली.

"हाक मारली का ह्यांनी?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "दोनदा. दादा म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मला धरून ठेवलं होतं गं."

"त्या दिवशी धरलं होतं. मग अडतीस वर्षं कुणी धरलं होतं तुम्हाला, भाऊजी?"

तिने काँक्रीटवर हात ठेवला आणि वाकून हळूहळू नवऱ्याशी बोलू लागली. "रोज शिव्या घातल्या हो मी तुम्हाला. जेवताना, निजताना. पोरीलासुद्धा शिकवल्या." बाईंनी तिला धरून उठवलं. फाटकापाशी आल्यावर ती काकांना म्हणाली, "माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नका."

बाईंनी त्या दुपारचं एक पान लिहिलं, भावाच्या पूर्ण नावानिशी. साहेबांनी ते काढायला लावलं. तेव्हा बाईंनी पुस्तकावरून स्वतःचंही नाव काढून घेतलं आणि ते पान घेऊन त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या. तिथे म्हणाले, बघू.

सोमवारी सकाळी मिक्सर गाड्यांची रांग लागली. काका फाटकाबाहेर उभे होते, उपाशी. पहिली गाडी आत वळली तसे ते तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. पहारेकऱ्यांनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. पासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला बाजूला करायला कितीसा जोर लागणार? दुसरी गाडी गेली, तिसरी गेली.

समोरच्या फुटपाथवर भावजय आणि तिची मुलगी येऊन उभ्या होत्या. काकांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने मुलगीच रस्ता ओलांडून आली. चाळिशीला टेकलेली बाई, डोळे रडून सुजलेले.

"काका, मला तुमच्याशी बोलायचं नाहीये," ती म्हणाली. "पण आमच्याकडे फोटो नाही. बाबा दिसायला कसे होते, तेवढं सांगा."

काकांनी सांगायला तोंड उघडलं, पण चेहरा डोळ्यांपुढे येईना. रोज आठवायची ती हाक. चेहरा आठवावा लागेल असं कधी वाटलंच नव्हतं. "माझ्यापेक्षा उंच होता," ते चाचपडत म्हणाले. "दोन बोटं उंच. केस कुरळे. आणि कान... थांब, सांगतो, कान जरा पुढे आलेले होते."

ती ऐकत राहिली. भावजय पलीकडेच उभी होती. तिने पाठ फिरवली नाही, जवळही आली नाही. आणि गाड्या आत जातच होत्या.