नील्सची चौकट

सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या त्या छोट्या कचेरीत परदेशी पुस्तकांची पानं लावली जात. २००५च्या मार्चमध्ये मधुवंतीकडे स्वीडनच्या एका किनारी तोफखान्याचा इतिहास आला होता. शेवटचं पान तक्त्याचं: कोणती तुकडी कधी उभी राहिली, कशात मिसळली, कधी बरखास्त झाली. एकोणीस चौकटींना शेवटची तारीख होती. विसाव्या चौकटीला नव्हती.

त्या चौकटीत एका बेटावरचे अकरा कोळी होते. बोलावणं आलं की दोन तासांत तोफेवर उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. वरची पलटण दोनदा दुसऱ्या पलटणीत गेली, नंतर तोफखानाच गुंडाळला. या अकरा जणांना मोकळं केल्याचा कागद मात्र कुठेच नव्हता. होती ती त्यांच्यातल्याच नील्स बर्ग्लुंड नावाच्या तोफचीची दोन पत्रं, हे पुस्तक काढणाऱ्या माजी सैनिक संघाला लिहिलेली, इंग्रजी भाषांतरासकट. ‘तोफघराची किल्ली माझ्याकडे आहे. कुणाला द्यायची?’ संघाने उत्तर न देता पत्रं बाकीच्या कागदांत घालून सिंगापूरला पाठवून दिली होती.

“सत्त्याण्णव साल टाक,” चंद्रशेखर म्हणाला. कचेरी त्याची होती. “संघाची मेल आलीय, चालेल म्हणतात.”

“कशावरून सत्त्याण्णव?”

“शेजारच्या चौकटीत आहे म्हणून. मधुवंतीबाई, हे काही तुमचं पुण्याचं दैनिक नाही. चार वाजता फाइल जाणार.”

पुण्यात सोळा वर्षं तिने रोज रात्री पान छपाईला सोडलं होतं. घाई तिला नवी नव्हती. पण साध्या पत्राला उत्तर द्यायला ज्यांना वेळ झाला नाही, त्यांनी माणसाची नोकरी एका मेलमध्ये संपवावी, याने तिच्या कानशिलांत ठोके पडू लागले.

“ज्याला त्याच्या सरकारने निरोप दिला नाही, त्याला मी तोआ पायोहमधून घरी पाठवू?”

“मग पुस्तकात संकलक म्हणून तुझं नाव जाणार नाही.”

“नाही गेलं तर नाही.”

तिने स्वतःचं नाव स्वतःच काढलं. मग विसाव्या चौकटीखाली टाइप केलं: ‘बरखास्तीचा आदेश उपलब्ध नाही. किल्ली तोफची नील्स बर्ग्लुंड यांच्याकडे.’

चंद्रशेखरने ओळ दोनदा वाचली. घड्याळात चार वाजायला सात मिनिटं होती.

“रागावतील ते.”

“रागावू देत,” फाइल त्याच्याकडे सरकवत ती म्हणाली. “आणि आदेश असेल तर शोधून पाठवू देत. आधी नील्सला, मग आपल्याला.”